व्हर्च्युअल मशीनमधला ऑर्का गप्प होतो, खरखरतो आणि उशिरा बोलतो तेव्हा

प्रकरण एका दृष्टिहीन विद्यार्थिनीच्या लॅपटॉपचं आहे. ती बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स शिकते. लॅपटॉपवर विंडोज ११ आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर. प्रोसेसर चार कोअरचा, आठ थ्रेडचा, रॅम ८ जीबी. लिनक्सच्या प्रात्यक्षिकासाठी कॉलेजातून पेन ड्राइव्हवर ओव्हीए फाइल, म्हणजे तयार व्हर्च्युअल मशीन भरलेली फाइल मिळाली. लॅपटॉपच्या आत दुसरा, सॉफ्टवेअरचा संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स ७ मध्ये ती इम्पोर्ट केली. आत उबुंटू २४.०४ आणि त्यासोबत येणारा ऑर्का स्क्रीन रीडर.

तक्रारी चार होत्या आणि त्या एकामागून एक समोर आल्या. सुरुवातीला आवाजच नव्हता. आवाज आला तो खरखरत, तुटत. कळ दाबल्यावर अक्षर उशिरा ऐकू येत होतं. आणि थोडा वेळ शांत गेला की पुढच्या वाक्याची सुरुवात गिळली जात होती. डोळस माणसाला व्हर्च्युअल मशीनमधली खरखर म्हणजे गाणं नीट ऐकू न येणं. इथे आवाज तुटला की काम थांबतं. ऑर्का ‘नॉट चेक्ड’ म्हणतो त्यातलं ‘नॉट’ गेलं की ऐकणाऱ्याला अगदी उलटी माहिती मिळते. म्हणून ‘चालतंय की बऱ्यापैकी’ एवढ्यावर हे प्रकरण सोडता येत नव्हतं.

आवाजाचा रस्ता

ऑर्का मजकूर स्पीच-डिस्पॅचरकडे देतो. तो इस्पीक-एनजीकडून ध्वनी तयार करून घेतो. तो ध्वनी पाइपवायरकडे जातो, तिथून अल्सा या लिनक्सच्या साउंड यंत्रणेच्या ड्रायव्हरकडे, आणि ड्रायव्हर तो व्हर्च्युअल साउंड कार्डात भरतो. इथपर्यंतचा भाग गेस्टचा, म्हणजे आतल्या उबुंटूचा. हे कार्ड खरं नाही. व्हर्च्युअलबॉक्सचा एक थ्रेड कार्ड असल्याची बतावणी करतो, त्यातले नमुने (ध्वनीचे सुटे आकडे) उचलतो आणि होस्टच्या, म्हणजे विंडोजच्या ऑडिओ यंत्रणेला देतो. तिथून हेडफोन.

दुरुस्ती करताना बहुतेक जण गेस्टच्या आत सेटिंग बदलत राहतात, गेस्ट ॲडिशन्स, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सची गेस्टसाठीची जोड सॉफ्टवेअरं, पुन्हा पुन्हा टाकतात. गेस्ट ॲडिशन्समध्ये आवाजाचा ड्रायव्हर नसतोच, त्यामुळे त्या मार्गाने आवाजाचं काही सुधारत नाही. उबुंटूच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, या कार्डांचे ड्रायव्हर आधीपासून असतात. तपास बाहेरून आत करावा: आधी विंडोज, मग व्हर्च्युअलबॉक्सची सेटिंग, मग गेस्टचं कार्ड, मग पाइपवायर, शेवटी ऑर्का.

हात घालण्याआधीची एक सोय

ऑर्काचा आवाज दुरुस्त करताना पाइपवायर बंद-चालू करावा लागतो आणि तेवढ्यात ऑर्का मुका होऊ शकतो. मग पुढे काय झालं ते वापरणाऱ्याला कळत नाही. म्हणून गेस्टमध्ये ओपनएसएसएच-सर्व्हर हे पॅकेज टाकून घ्यावं. त्याने एसएसएच, म्हणजे बाहेरच्या यंत्रावरून आज्ञा देण्याची सोय मिळते. व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्क सेटिंगमध्ये नॅट तसंच ठेवून पोर्ट फॉरवर्डिंगची एक ओळ घालावी: होस्ट आयपी १२७.०.०.१, होस्ट पोर्ट २२२२, गेस्ट पोर्ट २२. आता विंडोजच्या टर्मिनलमधून एसएसएचने २२२२ पोर्टवर आत जाता येतं आणि सगळं उत्तर एनव्हीडीए वाचून दाखवतो. गेस्ट पूर्ण मुका असला तरी चालतं.

हे पॅकेज टाकायला पहिल्यांदा एखाद्या डोळस सोबत्याची पाच मिनिटं मदत घ्यावी लागते. पुढची सगळी दुरुस्ती मात्र त्या विद्यार्थिनीला स्वतःला करता येते, आणि ती तिनेच केली.

पहिली तक्रार: आवाजच नाही

एसएसएचने आत जाऊन ‘एप्ले’ ही आज्ञा ‘-एल’ जोडून दिली. इंटेल ८२८०१एए-आयसीएच नावाचं, एसी९७ प्रकारचं कार्ड यादीत आलं. म्हणजे गेस्टला कार्ड दिसतंय. ‘स्पीकर-टेस्ट’ दोन चॅनेलांवर चालवली, तीही एरर न देता चालली. ‘डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस’मध्ये आउटपुट डिव्हाइस होतं आणि व्हॉल्यूम शून्यावर नव्हता. गेस्टच्या मते सगळं व्यवस्थित होतं.

मग विंडोजचा व्हॉल्यूम मिक्सर उघडला. चाचणी चालू असतानाही त्यात व्हर्च्युअलबॉक्सच्या मशीनचं नाव नव्हतं. मिक्सरमध्ये नाव आहे पण आवाज शून्य, हा एक दोष. नावच नाही, हा वेगळा दोष. नाव नसेल तर व्हर्च्युअलबॉक्सने विंडोजकडे आवाज मागितलेलाच नाही.

‘व्हीबॉक्समॅनेज शोव्हीएमइन्फो’ या आज्ञेत ऑडिओची ओळ वाचली. ड्रायव्हर ‘नल’ होता. नल ड्रायव्हर गेस्टकडून सगळे नमुने घेतो आणि टाकून देतो, म्हणून आत एकही एरर दिसत नाही. ओव्हीए बनवणाऱ्याने बहुधा आवाज नसलेल्या यंत्रावर तो निवडला असावा, आणि फाइलीबरोबर ती निवडही इकडे आली.

मशीन पूर्ण बंद केलं, सेव्ह स्टेटमध्ये ठेवलं नाही. ‘मॉडिफायव्हीएम’ने ऑडिओ-ड्रायव्हर ‘डिफॉल्ट’ केला आणि ऑडिओ-आउट ‘ऑन’ केला. विंडोज होस्टवर व्हर्च्युअलबॉक्स ७ मध्ये डिफॉल्ट म्हणजे विंडोज ऑडिओ सेशन. ही सगळी सेटिंग खिडकीतूनही बदलता येतात, पण स्क्रीन रीडरला आज्ञांचा मार्ग जास्त भरवशाचा आहे.

ऑडिओ-इन मुद्दाम बंदच ठेवलं. माइकची गरज नव्हती, आणि ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू झाला की हेडसेट हँड्स-फ्री प्रोफाइलवर जातो. मग ८ किंवा १६ किलोहर्ट्झचा, एका चॅनेलचा, फोनसारखा आवाज येतो. अनेकदा त्यालाच व्हर्च्युअल मशीनचा दोष समजलं जातं.

कार्ड निवडायचं तर उबुंटूला एसी९७ आणि इंटेल एचडी ऑडिओ दोन्ही चालतात. गेस्ट विंडोज ७ किंवा त्यानंतरचा असेल तर इंटेल एचडी ऑडिओच निवडावं, कारण त्या विंडोजमध्ये एसी९७ चा ड्रायव्हर येत नाही. आणि ‘एप्ले’ने एकही कार्ड दाखवलं नाही, तर गेस्ट क्लाउड इमेजपासून बनवला आहे का ते बघावं. तसल्या इमेजमधल्या आटोपशीर कर्नलात साउंडचे मॉड्यूल नसतात. लिनक्स-जेनेरिक हे पॅकेज टाकून रिबूट केलं की कार्ड दिसतं.

दुसरी तक्रार: खरखर

या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ घालवण्यासारखी जागा हीच, कारण इथे कारण आणि लक्षण वेगवेगळ्या ठिकाणी असतात.

एसी९७ कार्डाचा ठरलेला वेग सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा. खऱ्या कार्डात हा वेग क्रिस्टल सांभाळतो. व्हर्च्युअल कार्डात तो होस्टवरचा एक टायमर सांभाळतो, आणि गेस्टच्या प्रोसेसरला वेळेवर पाळी मिळाली तरच पुढचे नमुने भरले जातात. पाळी फार उशिरा आली की बफर (नमुन्यांची तात्पुरती साठवण) रिकामा होतो आणि कानाला टक् असं ऐकू येतं. असं सतत झालं की तीच खरखर.

दोष कुठल्या बाजूला आहे ते ‘पीडब्ल्यू-टॉप’ने कळतं. ही आज्ञा पडदा सतत बदलत राहते आणि स्क्रीन रीडरला ते त्रासाचं आहे. तिला ‘-बी’ आणि ‘-एन ५’ जोडलं तर ती पाच वेळा साधा मजकूर छापून थांबते. त्यात ‘ईआरआर’ नावाचा रकाना बघायचा. बोलणं चालू असताना हा आकडा वाढत असेल तर गेस्टला वेळ पुरत नाही. खरखर ऐकू येते पण आकडा स्थिर असेल, तर गडबड बाहेरच्या बाजूला आहे. तेव्हा होस्ट ड्रायव्हर डायरेक्टसाउंड (विंडोजची जुनी ऑडिओ पद्धत) करून बघणं, हेडफोन बदलून बघणं हे उपाय. इथे आकडा भराभर वाढत होता.

गेस्टला वेळ का पुरत नव्हता? कारणं तीन सापडली. ती एकेक करूनच सोडवली, कारण तिन्ही बदल एकदम केले असते तर कशाने फरक पडला ते कळलं नसतं.

व्हर्च्युअल मशीनला चार प्रोसेसर दिलेले होते, म्हणजे खऱ्या कोअरइतकेच. गेस्टला जास्त प्रोसेसर दिले की तो जलद होतो, ही समजूत आवाजाच्या बाबतीत घात करते. विंडोज, एनव्हीडीए, अँटिव्हायरस आणि व्हर्च्युअलबॉक्सचा स्वतःचा ऑडिओ थ्रेड यांनाही कोअर लागतात. प्रोसेसर दोनवर आणले. खरखर कमी झाली, गेली नाही.

दुसरं कारण चित्राचं. व्हर्च्युअल मशीनमध्ये थ्रीडी प्रवेग बंद असला की उबुंटूचा ग्नोम डेस्कटॉप सगळी खिडकी प्रोसेसरवरच रंगवतो. खिडकी सरकत उघडण्याचा तो देखावा जिला दिसणारच नाही, तिच्या आवाजाचा वेळ तो खात होता. ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये ॲनिमेशन बंद केलं आणि पडद्याचं रिझोल्यूशन उतरवलं. ॲप बदलताना होणारी टकटक यानंतर थांबली.

तिसरं कारण मुळातलं. विंडोजमध्ये हायपर-व्ही, म्हणजे मायक्रोसॉफ्टची स्वतःची व्हर्च्युअल मशीन यंत्रणा चालू असेल तर व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सुविधा थेट वापरता येत नाही, मायक्रोसॉफ्टच्या हायपरवायझरमधून जावं लागतं. मशीन चालतं, पण हळू, आणि टायमर अधूनमधून अडखळतात. खिडकीच्या तळाशी तेव्हा हिरव्या कासवाचं चिन्ह येतं. मदत मागितली की पहिला प्रश्न ‘कासव दिसतंय का’ हाच येतो, आणि दृष्टिहीन वापरकर्त्याला त्याचा काही उपयोग नाही. तीच माहिती मजकुरातही असते. मशीनच्या फोल्डरमधल्या ‘लॉग्ज’ या फोल्डरात ‘व्हीबॉक्स.लॉग’ फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘एनईएम’ ही तीन अक्षरं शोधावी. मायक्रोसॉफ्टच्या हायपरवायझरमधून चालण्याच्या पद्धतीचं हे नाव. ‘अटेम्प्टिंग फॉल बॅक टू एनईएम’ अशी ओळ सापडली की हायपर-व्ही आड येतंय हे पक्कं. ती इथे सापडली. ‘एमएसइन्फो३२’च्या सिस्टीम समरीत हायपरवायझर आढळल्याची ओळ होती, त्यावरूनही हेच ठरलं.

हायपर-व्ही बंद करायचं की नाही, हा फक्त आवाजाचा प्रश्न नाही. त्यासोबत डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय), डॉकर डेस्कटॉप आणि विंडोज सँडबॉक्स बंद पडतात. मेमरी इंटिग्रिटी हे संरक्षणही बंद करावं लागतं, आणि ते घातक ड्रायव्हरांना कर्नलमध्ये शिरू न देण्याचं खरोखर महत्त्वाचं काम करतं. लॅपटॉप कचेरीचा किंवा संस्थेचा असेल तर याला हात लावू नये. स्वतःचा असेल तर हे नुकसान समजून घेऊन मालकाने ठरवावं.

इथे लॅपटॉप तिचा स्वतःचा होता आणि डब्ल्यूएसएल लागत नव्हतं. डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की आधी काढून ठेवली. विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, तिथे कोअर आयसोलेशनमध्ये मेमरी इंटिग्रिटी बंद केली. ‘विंडोज फीचर्स’मधून व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म काढलं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या टर्मिनलमध्ये ‘बीसीडीएडिट’ने ‘हायपरवायझरलाँचटाइप’ हा पर्याय ‘ऑफ’ केला. परत हवं तेव्हा तो ‘ऑटो’ करायचा. त्यानंतर रीस्टार्टच करायचं. शट डाउन केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे कर्नल पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही आणि बदल लागू न झाल्यासारखा वाटतो.

नव्या लॉगमध्ये एनईएमची ती ओळ नव्हती. बोलणं चालू असताना ‘ईआरआर’ रकाना हलला नाही. लॅपटॉप बॅटरीवर नेला तेव्हा मात्र खरखर पुन्हा थोडी आली. पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर ठेवल्यावर तीही गेली.

तिसरी तक्रार: उशीर

खरखरीवर सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे पाइपवायरचा हेडरूम वाढवणं. नळाला पाणी ठरल्या वेळी येत नसेल तर घरातली टाकी मोठी करतात, तसा हा प्रकार: कार्डात थोडे जास्त नमुने आधीच भरून ठेवायचे, म्हणजे पाळी उशिरा आली तरी बफर रिकामा होत नाही. पण आधी भरलेला प्रत्येक नमुना कानापर्यंत यायला तितकाच जास्त वेळ घेतो. गाण्याला त्याने काही होत नाही. स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती मात्र कळ दाबते, अक्षर ऐकते आणि मग पुढची कळ दाबते.

हिशेब साधा आहे. ४८,००० च्या वेगाला १,०२४ नमुने म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद, २,०४८ म्हणजे ४३, आणि ८,१९२ म्हणजे १७१. व्हर्च्युअल मशीनमध्ये पाइपवायर स्वतःच एका फेरीत किमान १,०२४ नमुने हाताळतो. हेडरूम याच्या वर येतो.

‘डब्ल्यूपीसीटीएल इन्स्पेक्ट’ने डिफॉल्ट आउटपुटची माहिती काढली. ‘एपीआय.अल्सा.हेडरूम’ची किंमत ८१९२ होती. शोधल्यावर होम फोल्डरमधल्या ‘.कॉन्फिग’, ‘वायरप्लंबर’, ‘मेन.लुआ.डी’ या वाटेवर एक लुआ फाइल सापडली. वायरप्लंबर हा पाइपवायरची उपकरणं सांभाळणारा प्रोग्रॅम, आणि लुआ ही त्याची सेटिंग लिहायची भाषा. ओव्हीए बनवणाऱ्याने खरखरीवरचा तयार उपाय तिथे चिकटवला होता. टाकी मोठी केली, मूळ दोष तसाच राहिला. त्यामुळे उशीरही सोसावा लागत होता आणि खरखरही.

प्रोसेसरचा वेळ मोकळा झाल्यावर हेडरूम २,०४८ वर आणला. खरखर आली नाही. १,०२४ वर फायरफॉक्स उघडताना एखादा टक् ऐकू येऊ लागला, म्हणून २,०४८ कायम केला. ८,१९२ च्या तुलनेत प्रत्येक अक्षर १२८ मिलिसेकंद आधी ऐकू येऊ लागलं. वेगाने टाइप करणाऱ्याला हा फरक पहिल्याच ओळीत जाणवतो. हायपर-व्ही बंद करणं शक्य नसेल तर मात्र ४,०९६ किंवा त्याहून जास्त ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं. तुटलेल्या शब्दापेक्षा उशिरा आलेला शब्द बरा.

इथे एक अडचण अनेकांना अडवते. उबुंटू २४.०४ मध्ये वायरप्लंबरची ०.४ मालिका आहे आणि तिची सेटिंग लुआ फाइलीत लिहायची असतात. ०.५ पासून लुआ फाइली वाचणं बंद झालं, त्याऐवजी ‘वायरप्लंबर.कॉन्फ.डी’ या फोल्डरातली ‘.कॉन्फ’ फाइल लागते. चुकीच्या आवृत्तीची फाइल ठेवली तर निमूटपणे काहीच होत नाही. म्हणून आधी आवृत्ती बघावी, आणि प्रत्येक बदलानंतर वायरप्लंबर यूजर सेवा म्हणून रीस्टार्ट करून ‘इन्स्पेक्ट’मध्ये नवा आकडा खरंच आला का ते वाचावं. कानावर विसंबून राहू नये.

याच टप्प्यावर ब्लूटूथ हेडफोन काढून वायरचा लावला. ब्लूटूथ स्वतःच शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज घालतो. तो तसाच ठेवून हेडरूममध्ये कसर करण्याला अर्थ राहत नाही.

चौथी तक्रार: वाक्याची सुरुवात जाते

पाच सेकंद आवाज नसला की वायरप्लंबर साउंड कार्ड निलंबित करतो. खऱ्या लॅपटॉपवर त्याने वीज वाचते. व्हर्च्युअल कार्ड पुन्हा उघडताना मात्र गेस्टमध्ये एक प्रवाह सुरू होतो, बाहेर विंडोजमध्ये दुसरा, आणि दोन्ही जुळेपर्यंत पहिलं अक्षर हरवतं. सलग वाचताना हा दोष दिसत नाही. थोडं थांबून टॅब दाबला की दिसतो, म्हणून तो ऑर्काच्या माथी मारला जातो.

ओळखायला सोपा आहे. ‘एसपीडी-से’ या आज्ञेने एक वाक्य बोलायला लावावं, लगेच दुसरं, मग दहा सेकंद थांबून तिसरं. तिसऱ्याचीच सुरुवात गेली तर कारण हेच. त्याच लुआ नियमात ‘सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स’ची किंमत शून्य दिली की निलंबन बंद होतं. इंटेल एचडी ऑडिओ कार्ड निवडलं असेल तर ‘एसएनडी_एचडीए_इंटेल’ या मॉड्यूलचा ‘पॉवर_सेव्ह’ही शून्य करावा. इथे कार्ड एसी९७ होतं, पहिल्याच बदलाने काम झालं.

दोन स्क्रीन रीडर एकाच कीबोर्डवर

शेवटी एक किरकोळ दिसणारी पण रोज छळणारी गोष्ट उरली. ऑर्काचा आवाज अधूनमधून एकदम खाली जात होता. एनव्हीडीएमधल्या ऑडिओ डकिंगची सोय स्वतः बोलताना बाकी ॲपांचा आवाज दाबते, आणि व्हर्च्युअल मशीन हे विंडोजच्या लेखी एक ॲपच. एनव्हीडीए कळ, शिफ्ट आणि डी एकत्र दाबून डकिंग बंद केलं.

इन्सर्ट कळीवर दोघांचाही हक्क असतो, आणि एनव्हीडीए ती आधी पकडतो. त्यामुळे ऑर्काच्या आज्ञा आत पोचतच नाहीत. व्हर्च्युअल मशीनच्या खिडकीत असताना एनव्हीडीए कळ, शिफ्ट आणि एस (लॅपटॉप मांडणीत झेड) दाबून त्या ॲपपुरता स्लीप मोड लावला. खिडकीतून बाहेर यायला उजवी कंट्रोल कळ. ऑर्का अडकलाच तर ऑल्ट, सुपर आणि एस दाबून बंद-चालू करता येतो.

सगळं जुळल्यावर मशीन बंद करून स्नॅपशॉट घेतला आणि लुआ फाइलीची प्रत विंडोजमध्येही ठेवली. कॉलेजातल्या मूळ ओव्हीएमध्ये ऑडिओ-ड्रायव्हर ‘डिफॉल्ट’ करून, हेडरूमची ती जुनी फाइल काढून आणि एसएसएच आधीच चालू करून नवी फाइल बनवायला सांगितलं आहे. उबुंटूची पुढची आवृत्ती घेतली की लुआ फाइल चालणार नाही. तेव्हा हेच दोन आकडे, हेडरूमचा २०४८ आणि टाइमआउटचा शून्य, ‘.कॉन्फ’ फाइलीत नव्याने लिहावे लागतील.